ओढ्यात पडणारी पिशवी गल्लीने कशी थांबवायची

आधीच सांगून टाकते, रविवारी सकाळी हातमोजे घालून ओढा साफ करायचा बेत असेल तर जरा थांबा. आम्ही ते तीनदा केलंय. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून कचरा काढला, पोरांनी फोटो काढले, शेवटी सगळ्यांनी वडापाव खाल्ला आणि बुधवारी मोरीपाशी जाऊन बघितलं तर जैसे थे, उलट एक गादी नवीन आलेली. वाईट काम नाहीये ते, पण पडलेला कचरा काढला म्हणून पडायचा थोडाच थांबतो? पडूच न देणं हे काम वेगळं आहे, फार कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो चांगले येत नाहीत, आणि मी लिहितेय ते त्याच्याबद्दल.

आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीच्या मागून ओढा जातो, महापालिकेच्या कागदावर तो नाला. पलीकडे वस्ती, अलीकडे आमच्या तीन बिल्डिंगा आणि थोडे जुने बंगले, मधे एक छोटी मोरी जिच्यावरून दोन्हीकडची माणसं दिवसभर ये-जा करतात. हा ओढा पुढे मुठेत जातो, मुठा संगमाला मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते, भीमा उजनी धरणात, तिथून सोलापूरला प्यायचं पाणी जातं आणि धरणाच्या खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. माझी आत्या सोलापूरची. पुण्याला आली की बाल्कनीतून ओढ्याकडे बघते आणि म्हणते, "तुमचंच पितो गं आम्ही." चेष्टेत म्हणते, पण दरवेळी म्हणते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू, मुठा काळी पडते ती मुख्यतः शुद्ध न करता सोडलेल्या मैलापाण्याने, आणि आपण चार गल्ल्यांनी कचरा सांभाळला म्हणून ते सुटणार नाही, त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रंच लागतात. पण कचरा आणि मैलापाणी हे दोन वेगळे विषयही नाहीत. डायपर, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये अडकतात, चेंबर तुंबतं, मैला झाकणातून वर येतो आणि उताराने जातो कुठे, तर ओढ्यात. ओला कचरा पाण्यात कुजला की पाण्यातला ऑक्सिजन खातो. काठावर साचलेल्या ढिगाला पाऊस लागला की खालून काळं पाणी झिरपतं ते वेगळंच. आणि ओढा तुंबला तर काय होतं हे पुण्याला सांगायची गरज नाही, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्याला कारणं बरीच होती, अतिक्रमण, अरुंद केलेलं पात्र, एका रात्रीत पडलेला पाऊस, पण मोरीच्या तोंडाशी कचरा अडकलेला असला की पाण्याला जायला जागा अजूनच कमी मिळते एवढं तर साधं आहे.

तर पहिलं काम म्हणजे वही. एक दोनशे पानी वही घ्या आणि जिथून कचरा पडतो तिथे उभे राहा. आम्ही दोघी-दोघी मिळून बारा दिवस उभ्या राहिलो, सकाळी साडेपाच ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा. वहीत फक्त वेळ, पिशवी कसली, साधारण काय असावं आणि कोणत्या बाजूने आली एवढंच. नावं लिहायची नाहीत. व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी मोबाइल वर केला, समोरच्या बाई जाम चिडल्या आणि पुढचा महिनाभर त्या गल्लीतलं कोणी आमच्याशी धड बोललं नाही. तुम्हाला चोर पकडायचे नाहीयेत, पिशवी मोरीवर का येते ते शोधायचंय, हे स्वतःला रोज सांगा कारण तिसऱ्या दिवसानंतर चोर पकडायची खुमखुमी येतेच.

वहीत काय निघालं ते सांगते कारण माझी खात्री आहे तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच निघेल. पावणेसहाला एक बाई यायच्या, खांद्याला डब्याची पिशवी, हातात गाठ मारलेली काळी पिशवी, मोरीवर थांबायच्या नाहीत, चालता चालता कठड्यावरून हात सोडायच्या आणि तशाच बसस्टॉपकडे. बारापैकी दहा दिवस. शेवटी एक दिवस मी नुसतं "लवकर निघता का हो ताई" म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, सहाची बस, चार घरची धुणीभांडी, कचरेवाली ताई येते साडेआठला, दाराबाहेर ठेवला तर कुत्री गल्लीभर करतात आणि मग शेजारीण भांडते, घरात ठेवला तर दहा बाय दहाच्या खोलीत संध्याकाळपर्यंत वास. आता यात तुम्ही त्यांना पर्यावरणाचं काय लेक्चर देणार सांगा! अशी सहा-सात घरं निघाली, सगळी सहा-साडेसहाच्या आत बाहेर पडणारी. मग कॉलेजच्या पोरांचा एक फ्लॅट, ते उठतातच अकराला. एक चिकनचं दुकान. एक शहाळेवाला. रात्री अकराला राडारोडा घेऊन येणारा टेम्पो, बारा दिवसांत दोनदा. आणि सगळ्यात मजा म्हणजे "वस्तीतलेच टाकतात" असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगणारे दोघं जण स्वतः निर्माल्याची पिशवी घेऊन मोरीवर भेटले. निर्माल्य म्हणजे कचरा नव्हे असं त्यांचं म्हणणं. असो.

म्हणजे बघा, बहुतेक पिशव्यांच्या मागे वेळेचा घोळ होता. माणूस घरात असतो तेव्हा कचरा न्यायला कोणी येत नाही आणि येतं तेव्हा घराला कुलूप.

दुसरं काम, कचरा उचलणाऱ्या ताईंशी बोलणं, आणि हे काम लोक करतच नाहीत. पुण्यात कचरावेचकांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 सालची, बाबा आढाव तिच्या सुरुवातीपासून होते. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली, 2008 पासून महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा उचलते, तीन हजारांहून जास्त कचरावेचक आहेत तिच्यात आणि बहुतेक बायका. इतर शहरात हे काम घंटागाडीवाले करत असतील किंवा ठेकेदाराची माणसं, जे कोणी असेल त्यांच्याशी बोला. पण दारात उभं राहून "अहो तुम्ही लवकर का येत नाही" असं विचारायचं नाही. ताईंचं काम संपल्यावर त्या कचरा निवडत बसतात तिथे चहा घेऊन जा आणि बाजूला बसा. कोणत्या घरांना जात नाही आणि का, हे दोनच प्रश्न.

आमच्या ताईंनी दहा मिनिटांत सगळा नकाशा सांगितला. मागच्या तीन बोळांत पायऱ्या आहेत, ढकलगाडी जात नाही, म्हणजे प्रत्येक घरासाठी बकेट घेऊन वर चढायचं. पाच-सहा घरं महिन्याचे पैसे देत नाहीत. आणि मी मोठ्या उत्साहाने म्हटलं की तुम्ही सहाला या ना, तर त्या हसल्या. सहाला आले तर माझ्या पोरांना शाळेला कोण उठवणार, आणि गोळा केलेला कचरा घेऊन थांबू कुठे, गाडी तर फीडर पॉइंटला तिच्या टायमालाच येते. बरोबर आहे. महापालिकेची गाडी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभी राहते, ताईंची सगळी सकाळ त्या गाडीभोवती बांधलेली असते. त्यामुळे ताईंची वेळ बदला ही मागणी करण्यात अर्थ नाही, मधले दोन-अडीच तास पिशवी कुठे थांबेल ते शोधायचं.

यात आम्ही आधी माती खाल्ली. मोरीजवळ एक मोठा डबा ठेवला, छान हिरवा, झाकणाचा. चार दिवसांत तो भरून वाहायला लागला, झाकण गायब, कुत्री, आणि कुठल्या कुठल्या गल्लीतले लोक गाडीवरून येऊन चालत्या गाडीतून पिशवी फेकून जायला लागले. आमचा ओढ्याचा काठ पुण्याच्या भाषेत 'क्रॉनिक स्पॉट' झाला, म्हणजे कितीही उचला, परत परत कचरा पडतच राहणारी जागा. डबा उचलून टाकला. मग सुचलं की वस्तीच्या तोंडाशी एक मावशी पहाटे साडेपाचपासून चहाची गाडी लावतात. त्यांच्या गाडीमागे दोन छोटे ड्रम ठेवले, एक ओल्याचा एक सुक्याचा, साडेपाच ते साडेआठ, आणि साडेआठला ताई आल्या की ड्रम रिकामे करून, धुऊन, उलटे करून साखळीने बांधायचे. दिवसभर तिथे डबाच नाही म्हणजे परगल्लीतल्या गाडीवाल्यांना टाकायला जागाच नाही. मावशींना आम्ही गल्लीच्या वर्गणीतून महिन्याला पाचशे रुपये देतो आणि ताईंना त्या ड्रमचे आणि पायऱ्यांच्या बोळांचे वेगळे पैसे. डब्यापाशी एक माणूस बसलेलं पाहिजे, बिनमाणसाचा डबा म्हणजे उकिरड्याला आमंत्रण, हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी आमचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

पैसे न देणाऱ्या घरांचं काय केलं? भांडलो नाही. दोन घरांना खरंच जमत नव्हतं, त्यांचे सोसायटीने घातले. बाकीच्यांचं म्हणणं होतं की आम्ही टॅक्स भरतो मग परत पैसे कशाला, त्यांना ताईंनीच एकदा स्वतःचा हिशोब समोर बसून सांगितला, तेव्हा तिघांनी सुरू केले. एकाने अजून नाही केले. त्याचाही कचरा उचलतो, कारण नाही उचलला तर तो मोरीवरच येणार ना.

आता वर्गीकरण. ओला सुका वेगळा करा हे ऐकून ऐकून कान किटलेत हे मला माहितीये, पण ओढ्याशी त्याचा संबंध असा की सुका कचरा कोरडा मिळाला तर ताईंना त्याचे भंगारात पैसे मिळतात, आणि ज्याचे पैसे मिळतात ते ओढ्यात जात नाही. तुम्हाला ओढ्यात पुठ्ठा किंवा बिसलेरीची बाटली त्यामानाने कमी दिसेल, दिसतात ती वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, रंगीत पातळ पिशव्या (2018 पासून राज्यात बंदी आहे म्हणे त्यांना), गुटख्याच्या पुड्या आणि डायपर, म्हणजे ज्याला भंगारवाला हात लावत नाही ते सगळं. म्हणून ही बिनभावाची पाकिटं घरातच एका मोठ्या पिशवीत कोंबून ठेवा आणि आठवड्यातून एकदा एकगठ्ठा द्या, सुटी उडू देऊ नका. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा चिकटलेला ठेवा. तो छोटा त्रिकोण ओट्यावरून सिंकमध्ये, सिंकमधून जाळीत, आणि मोरी उपसली की गाळात असे शेकडो निघतात, मी स्वतः चिमटीने उचललेत. पिशवी विसळून वाळवून दिली तर तिला भाव आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात कचरावेचकांच्याच आग्रहाने आली, कारण निवडताना हात त्यांचा जातो. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, गार झालं की जुन्या बाटलीत भरा नाहीतर रद्दीला पुसून कचऱ्यात टाका.

आणि एक गोष्ट जी मला चाळिशी उलटेपर्यंत माहिती नव्हती. रस्त्याच्या कडेला फटींची जाळी असते ती पावसाळी लाइन, आणि गोल बंद झाकण असतं ते बहुतेक वेळा ड्रेनेज. ड्रेनेजचं पाणी निदान कागदोपत्री तरी शुद्धीकरण केंद्राकडे जातं, पावसाळी लाइनचं पाणी कुठेच न थांबता थेट ओढ्यात. आमचे वॉचमन दादा रोज सकाळी पार्किंग झाडून सगळा केर त्या जाळीत लोटायचे, मग पाइपाने पाणी मारायचे, आणि आम्ही वरून बघून म्हणायचो वा काय स्वच्छता. म्हणजे तीन बिल्डिंगांचा केर आम्ही रोज हप्त्याहप्त्याने ओढ्यात पोचवत होतो! एकदा सोसायटीच्या आवारात फिरून कोणती जाळी कुठे जाते ते बघा, पावसाळी जाळीच्या शेजारी ऑइल पेंटने मासा काढा नाहीतर नुसतं 'ओढा' लिहा, आणि झाडणाऱ्या माणसाला सुपडी घेऊन द्या. खतखड्डा असेल तर त्यातून सुटणारं काळं पाणीही याच जाळीत जातंय का ते बघा, आमच्याकडे जात होतं. खाली नारळाच्या शेंड्यांचा नाहीतर वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला की ते बरंचसं थांबतं.

निर्माल्यासाठी मोरीवर कलश ठेवलाय, म्हणजे झाकणाची बादलीच, त्यावर 'निर्माल्य' लिहून हार घातला. हाराने फरक पडतो, हसू नका. कलशात निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोकळं करूनच टाकायचं, दोरा आणि थर्माकोल वेगळा. दर दोन दिवसांनी ते आमच्या खतखड्ड्यात जातं, आणि त्या दोन सभासदांना कलशाची जबाबदारी दिली, आता ते इतरांवर ओरडतात. गणपतीत विसर्जन घाटांवर 'स्वच्छ'च्या बायका निर्माल्य घ्यायला उभ्या असतात, तिथे थेट हातात द्या.

दुकानदारांशी एकट्याने बोलू नका, चार गिऱ्हाइकं मिळून जा. शहाळेवाला लगेच ऐकला, त्याला फक्त कवट्या न्यायला गाडी कधी येते हेच माहिती नव्हतं. चिकनवाल्याचं अवघड आहे, पिसं आणि आतडी घरगुती ओल्यात चालत नाहीत, त्यासाठी वेगळी गाडी लागते आणि ती रोज येईलच असं नाही.

महापालिकेच्या ऑफिसशी पत्रव्यवहार करताना वहीचा उपयोग होतो. "ओढ्यात खूप कचरा आहे" असा अर्ज दिला तर एक दिवस जेसीबी येतो आणि विषय संपतो. त्याऐवजी आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या सफाईवाल्यांच्या आपल्या भागातल्या चौकीत, जाऊन मुकादमांना भेटा, मग आरोग्य निरीक्षकांना, आणि अर्जात एकच मागणी लिहा, मोजता येईल अशी: अमुक बोळाच्या तोंडाशी फीडरची गाडी पाच मिनिटं जास्त थांबावी, किंवा मोरीवरचा बंद दिवा लावावा. तारखा आणि वेळा वहीतून द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा, आमचा पहिला अर्ज एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाता जाता हरवला आणि दोन्हीकडे आम्हालाच विचारत होते की नक्की दिला होता का. मोरीवरचा दिवा लागल्यावर रात्रीचा टेम्पो यायचा बंद झाला, हे एकच काम अर्जाने झालं पण मोठं झालं.

पावसाळ्याचं वेगळं बघायला लागतं. एप्रिल-मेमध्ये नालेसफाई होते तेव्हा घरातलं कोणीतरी तिथे हजर राहा, कारण गाळ काढून काठावरच ठेवतात आणि उचलायला उशीर झाला की पहिल्या वळवाला तो सगळा परत आत. काढला त्या दिवशी फोटो, उचलला त्या दिवशी फोटो, मधे फार दिवस गेले तर फोन. आणि कोणीतरी हुशार माणूस सुचवेलच की आपणच ओढ्यात आडवी जाळी लावू, कचरा अडेल. स्वतःच्या मनाने हे करू नका. एका रात्रीत पाणी वाढलं तर त्या जाळीला कचऱ्याची भिंत होते आणि पाणी वस्तीत शिरतं. करायचंच तर महापालिकेच्या इंजिनिअरकडून, काढता येणारी, आणि ती रोज कोण साफ करणार त्याचं नाव ठरवून.

आमचा महिन्याचा सगळा खर्च दोन हजारांच्या आसपास जातो, एकशे चाळीस घरांत वाटला तर माणशी सोडा, घरटी पंधरा रुपयेही पडत नाहीत. वेळ मात्र जातो. वही अजून चालू आहे, आता रोज नाही, महिन्यातले तीन दिवस. मागच्या खेपेला तीन दिवसांत नऊ पिशव्या आल्या, सुरुवातीला एका सकाळी तेवढ्या यायच्या. त्यातल्या पाच रविवारच्या, कारण रविवारी चहाच्या मावशी सुट्टी घेतात, आणि दोन चिकनच्या. रविवारसाठी ड्रमपाशी बसायला कॉलेजच्या त्या फ्लॅटमधला एक पोरगा तयार झालाय, म्हणतो बसतो पण साडेपाचला उठवायला तुम्ही यायचं.